हात लावीन तो जित्या गायीला

आनंदराजनं गोशाळेचं काम धरलं तेव्हा पगार नंतर विचारला, अट आधी घातली. लोक म्हणतील खुळा आहे. म्हणू द्या.

"अप्पा, जित्या गायीचं सगळं करतो," तो म्हणाला होता. "शेन काढतो, हगवन लागली तर धुतो, आडलेली गाय सोडवतो. पन मेलं जनावर वढनार न्हाई. त्याला दुसरा मानूस बघा."

वीरभद्र अप्पा गोशाळेचे अध्यक्ष. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. त्यांनी आनंदराजच्या खांद्यावर हात ठेवला.

"आरे, मला कळत न्हाई का? ज्ञानोबाचा लेक तू. माझा शब्द हाय. लिंगाची आन."

ज्ञानोबा म्हणजे आनंदराजचा बाप. वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली त्या वर्षी मालकाचा बैल मेला, आणि ज्ञानोबा वाड्यासमोर उभा राहून म्हणाला, आजपासून आमी वढनार न्हाई. साधी गोष्ट. पण त्या साध्या गोष्टीपायी त्याच्या दोन बरगड्या मोडल्या, गावानं महिनाभर काम दिलं नाही, किराणा दिला नाही. बैल तीन दिवस कुजला. चौथ्या दिवशी मालकाच्या भावकीनंच नाकाला धोतर लावून ओढला. आनंदराजची माय नागुबाई ही गोष्ट नातीला, शेजारणीला, मतं मागायला आलेल्यांनासुद्धा सांगायची. सांगताना म्हातारीचा वाकलेला कणा सरळ व्हायचा.

अकरा वर्षं अट पाळली गेली. जनावर मेलं की देवणीहून करीमभाई ट्रॅक्टर घेऊन यायचा. त्याची दोन माणसं पाय बांधायची, साखळी लावायची, ओढ्याच्या अंगाला खड्ड्यात नेऊन पुरायची. तेवढा वेळ आनंदराज पलीकडच्या गोठ्यात जाऊन कडब्याची कुट्टी करत बसायचा. अप्पा स्वतःच म्हणायचे, "जा बाबा, तू तिकडं जा." चौदा एप्रिलला अप्पा वस्तीत यायचे, आनंदराजच्या घरात खाटेवर बसून चहा प्यायचे. नागुबाईनं एकदा त्यांचा रिकामा कप हातात धरून कितीतरी वेळ बघितला होता. म्हणाली, "लेकरा, ह्यो मानूस येगळा हाय बग."

म्हातारीला काय ठाऊक.

पोळा झाला आणि लम्पी आली. आधी शिवारातल्या दोन-चार जनावरांना, मग गोशाळेत. गायीच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठायच्या, ताप चढायचा, पाय सुजून खांबासारखे व्हायचे, नाकातोंडातून लाळ गळायची. वर भादव्याचा पाऊस, दिवसभर रिपरिप. पत्र्याखाली चिखल, चिखलात शेण, शेणावर माशा. एकशे वीस गायी आणि करणारा एकटा आनंदराज. दुसरे दोघं गडी होते, ते "आमच्या घरी बी जनावरं हायत, रोग घेऊन जायचा का" म्हणून निघून गेले.

झुंजुमुंजू झालं की आनंदराज यायचा. आधी कान धरून बघायचा. कान तापलेला असला की ताप आहे. कान गार पडला की मग काही खरं नाही. आजारी गायी पलीकडच्या पत्र्याखाली वेगळ्या बांधलेल्या. शेण काढून झालं की कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं एकेकीचं अंग पुसायचं, फुटलेल्या गाठीत हळद आणि तेल भरायचं, संध्याकाळी लिंबाचा धूर करायचा. विड्याची पानं, मिरे, मीठ वाटून गुळात गोळा करायचा आणि जिभेच्या मागं हात घालून घशात सोडायचा. गाय चावत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यानं दिवसात साठ गायींच्या तोंडात हात घालून बघावा. आनंदराजच्या मनगटापासून कोपरापर्यंत सालटं गेलेली होती. घरी गेला की त्याची बायको सिंधु खोबरेल लावायची आणि म्हणायची, "माझ्या हाताला सोयाबीनचे काटे, तुमच्या हाताला गायीचे दात. चांगला जोडा हाय."

त्यातली वानेरी त्याच्या जिवाची. देवणीच्या गायींत पांढरंधोट अंग आणि तोंडाच्या बाजूला काळं असलं की वानेरा म्हणतात, त्यावरून हिचं नाव. ती आईच्या पोटात आडवी आली होती तेव्हा आनंदराजनं खांद्यापर्यंत हात घालून तिला फिरवून बाहेर काढली होती. तिच्या आईनं चाटायच्या आधी यानं तिच्या नाकातला चिकटा ओढला होता. नऊ वर्षांची झाली तरी तो दिसला की वासरासारखी हंबरायची. तिला लम्पी झाली आणि आनंदराजच्या तोंडचं पाणी पळालं. आठ दिवस त्यानं तिला चमच्या-चमच्यानं कण्यांची पातळ कण्हेरी पाजली.

त्याच आठवड्यात करीमभाई यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, "आनंदभाऊ, माफ करो. परवा तुमच्याच इथली मेलेली गाय ट्रालीत घेऊन ओढ्याकडं निघालो, तर रस्त्यात गोरक्षक म्हनवनारी पंधरा-वीस पोरं आडवी झाली. म्या म्हनलो, बाबांनो, मेलेली हाय, पुरायला नेऊन राहिलो, अप्पाला फोन लावा. त्यांनी अप्पाला फोन लावला. अप्पानं उचलला न्हाई."

"उचलला न्हाई?"

"चार टाइम लावला. माझ्या पुतन्याचं डोकं फुटलं, सात टाके. आता मला गाय नको, पुण्य नको, भाडं बी नको."

अप्पांना विचारलं तर म्हणाले, "आरे, पूजेला बसलो होतो." आनंदराजनं मान हलवली. अकरा वर्षांचा माणूस, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?

वानेरी गेली ती दुपारी. आनंदराज तिच्या मानेखाली मांडी देऊन बसला होता. कान आधीच गार पडले होते. तिनं एकदा पाय ताणले, एक लांब श्वास सोडला आणि डोळे तसेच उघडे ठेवले. आनंदराज रडला. खोटं कशाला सांगा, बापाच्या मौतीला रडला नव्हता एवढा रडला.

मग उठला, तोंड धुतलं आणि अप्पांना सांगून कुट्टीच्या मशिनीकडं निघाला. अप्पांनी हाक मारली.

"आनंदराज, करीम तर येत न्हाई."

"हाव."

"जेसीबीवाल्यानं सकाळीच खड्डा खनून ठिवलाय. माझा ट्रॅक्टर हाय, ड्रायवर हाय. पन पाय बांधायला कुनी खाली उतरंना."

खरंच कुणी उतरेना. ट्रॅक्टरवर बसलेला ड्रायवर दुसरीकडं बघत तंबाखू मळत होता. पावसामुळं गेटपाशी पाच-सहा गावकरी थांबले होते, त्यांनाही एकदम आपापली कामं आठवली. वसुबारसेला याच वानेरीचे पाय धुऊन ते पाणी डोळ्याला लावायला शंभर माणसं रांगेत उभी असायची. आता तेच पाय बांधायला एक नाही. आता बोला!

"उद्या बघू अप्पा. दुसऱ्या गावचं कोनी तरी बोलवा."

"उद्या?" अप्पा मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं, हीच तर पंचाईत. "आरे, कुत्री बघ की कशी बसलीत वळीनं. रात्रीत फाडतील तिला. तुझ्या हातानं जन्मलेली रे ती. मी म्हातारा मानूस, मला वाकता येत न्हाई, न्हाई तर मीच..."

आनंदराज वानेरीकडं बघायला लागला.

"वढू नको तू. तुझी अट मला पाठ हाय. तू निस्ते पाय बांध. वढायचं काम ट्रॅक्टर करतंय. आनि हे तुझ्या-माझ्यात. ह्या कानाचं त्या कानाला कळनार न्हाई."

ओढ्याकडून एक कुत्रं दबकत पत्र्यापर्यंत आलं आणि वानेरीच्या तोंडाजवळ हुंगायला लागलं. आनंदराजनं दगड मारला. ते चार पावलं मागं गेलं आणि परत बसलं.

त्यानं पाय बांधले. आधी दोन मागचे, मग दोन पुढचे. नुसते पाय बांधायचे होते, पण साखळी ताणली तशी वानेरीची मान खांबात अडकली. शिंग मोडणार म्हणून त्यानं मान उचलून सोडवली. पुढं चिखलात चाक फिरायला लागलं, तेव्हा मागून ढकललं. खड्ड्याच्या काठाला ती अर्धी लटकली. ड्रायवर वरूनच ओरडला, "पाठीकून जोर लाव!" त्यानं जोर लावला. ती पडली. त्यानं आत उतरून तिचं तोंड नीट केलं, डोळे मिटले, लिंबाचा पाला घातला, चुना आणि मीठ पसरलं. अडीच पोती मीठ त्यानं एकट्यानं डोक्यावरून नेलं. हे सगळं करताना त्याच्या मनात जनावर नव्हतं, वानेरी होती. हीच त्याची चूक. आपलं माणूस म्हणून त्यानं तिला पोचवलं; बघणाऱ्यांनी मेलं जनावर ओढणारा बघितला.

ओढ्यावर त्यानं दोनदा अंघोळ केली. घरी मायनं विचारलं, "वानेरीला कोन नेलं रं?"

"करीमनं," तो म्हणाला.

आयुष्यात मायशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं ताट बाजूला सारलं.

तिसऱ्या दिवशी लातूरहून पोरीचा फोन आला. धम्मप्रिया तिथं नर्सिंगला. एरवी फोनवर आधी आज्जीला विचारणारी पोरगी काहीच बोलेना.

"काय गं? पैशाचं काय?"

"पप्पा, हे तुम्हीच आहात का?"

"कशात?"

"फोटोत. आपल्या गावच्या एका पोरीनं मला पाठवला. गायीचे पाय बांधायलात तुम्ही. खाली लिहिलंय, मृत गोमातेची अखेरची सेवा करणारे आमचे आनंदराज. अकरा वर्षांपासून ही जबाबदारी सांभाळतात." तिचा आवाज बारीक झाला. "अकरा वर्षांपासून, पप्पा?"

"न्हाई बाई. एकदाच. वानेरीसाठी."

"मला माहितंय हो. पण होस्टेलवर मी सगळ्यांना आजोबांची गोष्ट सांगितलीय."

फोटो काढला होता अप्पांच्या सुनेनं, साक्षीनं. गोशाळेचं मोबाईलवरचं सगळं तीच बघायची. आनंदराज तसाच अप्पांकडं गेला. अप्पा हसले.

"ल्हान हाय ती. तिला काय कळतंय? काढायला लावतो. चांगलंच लिवलंय की पन! सेवा लिवलंय."

"अकरा वर्षं लिवलंय अप्पा."

"काढायला लावतो म्हनलो ना."

आनंदराजला बरं वाटलं. माणसाला एकदा विश्वास ठेवायची खोड लागली की सुटता सुटत नाही.

फोटो निघाला नाही. चार दिवसांनी आणखी एक गाय गेली, शेवरी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली म्हातारी. अप्पा कुट्टीच्या मशिनीपाशी आले. या खेपेला डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आनंदराज, तेवढं बघ."

"काय बघू?"

"ट्रॅक्टर लावलाय."

"अप्पा, माझी अट."

"आरे परवा केलंस की! वानेरी तुझी आनि शेवरी कुनाची? गायीगायीत भेद करतोस व्हय?"

आनंदराजनं मशीन बंद केली. "वानेरीला बी लावायला नको होता हात. तुमी रडलात म्हनून लावला."

अप्पांचा चेहरा क्षणभर आवळला आणि परत गोड झाला. "बरं बरं. राहू दे."

शेवरी दोन दिवस पडून राहिली. अंग फुगलं, वास सुटला, शेजारच्या गायींनी वैरण सोडली. आनंदराजनं त्या गायी लांब नेऊन बांधल्या, त्यांच्यापुढं हिरवा घास टाकला, पण शेवरीकडं गेला नाही. शेवटी अप्पांनी निलंग्याकडून दोन माणसं आणवली. आणवता येत होती तर! वानेरीच्या वेळी का नाही आणवली, हे विचारायचं आनंदराजच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

बाजारच्या दिवशी तो हळद आणायला देवणीला गेला. करीमभाईनं त्याला हॉटेलात बसवलं. पुतण्या शेजारीच होता, डोक्याला पट्टी.

"आनंदभाऊ, एक बात विचारू का? राग नको."

"विचार."

"तुमी आता गावाचं सगळं वढनार म्हने?"

"कोन म्हनलं?"

"ग्रामसभेत ठरलं म्हने. लम्पीनं जनावरं मरून राहिली, वढायचं कोनी, म्हनून बोभाटा झाला. तवा अप्पा उठले आनि म्हनले, फिकीर करू नका, आमचा आनंदराज हाय. त्याला सवय हाय. घरचंच काम हाय त्याच्या." करीमनं मान खाली घातली. "टाळ्या वाजल्या म्हने."

घरचंच काम. आनंदराजच्या हातातला चहा तसाच गार झाला. अरे, ज्या घरानं बरगड्या मोडून घेऊन ते काम दाराबाहेर काढलं, त्याच घरात बसून चहा पिणाऱ्यानं ते परत आत आणून ठेवलं. शत्रूनं केलं असतं तर माणूस लढला असता. यानं तर केसानं गळा कापला.

तो परत आला तेव्हा अप्पा गोशाळेच्या ओट्यावर पाहुण्यांबरोबर बसले होते. आनंदराज पाहुण्यांसमोरच उभा राहिला. हळदीची पिशवी अजून हातातच होती.

"अप्पा, ग्रामसभेत काय म्हनलात?"

"आरे ये, बस..."

"बसत न्हाई. काय म्हनलात?"

अप्पांनी पाहुण्यांकडं बघून हसून घेतलं. "काय म्हनलो? तुझं कवतिक केलं. गावाची नड हाय. काळ कसा हाय बघ. मानसानं काळ बघून वागावं. तुला काय वाटलं, मी तुला कमी लेखायलाव? आमी तर पुण्यकर्म म्हनतो त्याला."

"पुन्य हाय तर तुमी घ्या की. तुमची भावकी मोठी हाय. समद्यांना पुरंल."

पाहुण्यांतला एक खोकला. अप्पांचं हसू गेलं.

"जबान सांभाळ. मी काय हात धरून तुला बांधायला लावलं होतं? तूच बांधलास. खड्ड्यात उतरलास ते बी तूच. फोटो हाय माझ्याकडं. आता सोवळा बनतोस व्हय?"

"लिंगाची आन घेतली होती तुमी."

"तू अट पाळलीस तवर होती ती," अप्पा म्हणाले.

आनंदराजला वाटलं, आपल्या मुस्काटात कुणीतरी ओल्या हातानं दिली. अकरा वर्षं हा माणूस आपली अट सांभाळत नव्हता, ती कधी मोडते याची वाट बघत होता. आणि ती मोडायला त्याला काठी लागली नाही, दोन थेंब अश्रू पुरले. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली. तरीही संध्याकाळचा धूर करूनच तो घरी गेला, कारण आजारी गायींच्या गाठींवर माशा बसत होत्या आणि गायींनी कुणाला फसवलं नव्हतं.

रात्रभर त्यानं सिंधुला सगळं सांगितलं. मायला सांगायचं राहिलं. सकाळी सांगतो म्हणाला.

सकाळी तो मागच्या अंगाला दात घासत होता. सिंधु पाण्याला गेली होती. नागुबाई दारात उन्हाला बसली होती, नजर मंद, कान अर्धे. पावसानं त्या दिवशी जरा उघडीप दिली होती. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. वस्तीत न शिरता, लांबूनच, तोंडाला हाताचा कर्णा करून.

"ए आनंद्या! हाय का रं घरात? बैल मेलाय आमचा. चल लवकर, ऊन व्हायच्या आत वढून टाक!"

आनंद्या. पन्नाशीला आलेल्या माणसाला कालपर्यंत सगळा गाव आनंदराज म्हणत होता.

तो तोंडातला फेस थुंकून पुढं धावला. पण त्याच्या आधी त्याची माय उठली होती. जिला उठायला रोज दोघांचा हात लागायचा, ती म्हातारी भिंतीला धरून एकदम उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढला, मान खाली घातली आणि आनंदराजनं जन्मात कधी न ऐकलेल्या बारीक, घाबऱ्या आवाजात म्हणाली,

"जी मालक. धाडते जी, आत्ता धाडते."

साठ वर्षांपूर्वी, ज्ञानोबानं वाड्यासमोर उभं राहायच्या आधी, नवी नवरी असताना ती याच दारातून असंच उत्तर देत असणार. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नकाराचीच गोष्ट सांगितली होती.

"न्हाई येत!" आनंदराज ओरडला. "कोनी न्हाई येत! तुमचा बैल तुमी वढा!"

रस्त्यावरचा माणूस गोंधळला. "आरे पन, अप्पाच म्हनले की..."

"अप्पाला वढायला लावा!"

माणूस पुटपुटत निघून गेला. नागुबाई तशीच उभी होती. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात दाबला, पदर मागं सरकला, आणि ती लेकाकडं बघायला लागली.

"माझ्या तोंडातनं कसं निघालं रं?"

आनंदराज तिच्याजवळ गेला.

"आनंदराज, तुझा बाप असता तर... माझ्या तोंडातनं कसं निघालं रं लेकरा?"

"तुझा दोष न्हाई माय. मी केलं. वानेरीला मीच पुरली. करीमनं न्हाई."

तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती परत परत तेच विचारत राहिली आणि तोंड पुसत राहिली, पदरानं, मग हातानं, मग परत पदरानं, ओठ लाल होईपर्यंत. आनंदराजनं तिचे दोन्ही हात धरले आणि तिला खाली बसवलं.

ओढ्यापलीकडून गोशाळेतल्या गायी हंबरायला लागल्या. वैरणीची वेळ टळून गेली होती. आधी एक, मग दहा, मग सगळ्याच. आनंदराजला त्यातला आवाज न् आवाज ओळखू येत होता, कोण भुकेली आहे, कोणाचा ताप वाढलाय, कोण नुसती त्याला बोलावतेय. त्याचे पाय दोनदा उठले. दोन्ही वेळा त्यानं ते परत मायजवळ आणून टेकवले. ऊन चांगलं वर आलं तरी हंबरणं थांबलं नाही आणि म्हातारीचं विचारणंही थांबलं नाही. त्या दिवशी गोशाळेतलं शेण कुणी काढलं, हे त्याला माहीत नाही.